कशानं गेले, हे कुठे विचारायचं?

निधनवार्तेत वय येतं, पश्चात कोण कोण आहे ते येतं, अंत्यसंस्काराची वेळ येते. कारणाच्या जागी ‘अल्पशा आजाराने’ किंवा ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’, आणि पुष्कळदा काहीच नाही. गेलेला माणूस तरुण असेल तर मग फोन सुरू होतात. या विचारपुशीबद्दल माझं म्हणणं असं :

१. कुतूहल वाईट नाही. आपल्या वयाचा माणूस गेला की पोटात गोळा येतो, उद्या आपलं काय, असं वाटतं. पण ती भीती शमवण्याचं काम सुतकातल्या घराचं नाही. ‘आधी काही त्रास नव्हता का?’, ‘लक्षात कसं आलं नाही?’, ‘वेळेवर नेलंत ना?’ भेटायला येणारा प्रत्येकजण हे सहज विचारतो, आणि त्या घरातल्या बाईला प्रत्येक वेळी आपणच कुठे कमी पडलो याचा जबाब द्यावा लागतो. हे सांत्वन नव्हे. तिला स्वतःहून सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल. तोवर शेजारी नुसतं बसावं.

२. कायद्यानं ही मर्यादा केव्हाच आखली आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ प्रमाणे मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण देता येत नाही. ते सरकारी नोंदवहीत राहतं. वारसनोंदीला तो दाखला चालतो, बँकेत चालतो. मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं कारणावाचून का अडावं?

३. मात्र ही झाकली मूठ सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, आणि मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी नापिकी, थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा हे सगळं कागदोपत्री दाखवावं लागतं. पंचनामा होतो, तलाठ्याचा अहवाल जातो, समिती बसते आणि मृत्यू ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. ‘अपात्र’ ठरला की पैसे तर जातातच, वर नवऱ्याच्या मरणाचं भलतंच कारण गावभर होतं. वर्तमानपत्रात नाव, वय, गाव, कर्जाचा आकडा, आणि जीव कसा दिला त्याचं वर्णनही येतं. आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचं वर्णन नको, बातमी ठळक जागी नको, अशी मार्गदर्शक तत्त्वं भारतीय वृत्तपत्र परिषदेनं सप्टेंबर २०१९ मध्ये स्वीकारली आहेत. ती जिल्हा आवृत्त्यांतही पाळली गेली पाहिजेत. शहरातल्या वजनदार घरात हेच घडलं तर ‘आकस्मिक निधन’ एवढ्यावर भागतं. खासगीपणा हा ऐपतीप्रमाणे मिळू नये.

४. झाकणारा हात दुसऱ्याचा असेल, तर मात्र गप्प बसणं हा गुन्ह्याला हातभार आहे. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी महाराष्ट्रानं वर्षानुवर्षं वाचली. १९८२ मध्ये पुण्यात, सासरी संशयास्पद मृत्यू झालेल्या एका विवाहितेच्या नावानं ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन उभं करून विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी विवाहितांचं असं मरण घराबाहेर, चारचौघांत आणलं, ते योग्यच केलं. गटार साफ करायला उतरवलेल्या कामगाराचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये झाली. म्हणजे ठेकेदारानं ‘छातीत दुखायला लागलं’ असं सांगितलं आणि ते तसंच लिहिलं गेलं, तर कुटुंबाचा हक्क बुडतो. अशा ठिकाणी कारण विचारलंच पाहिजे. फक्त ते पोलिसांना, पालिकेला, ठेकेदाराला.

५. ज्यांना स्वतःचा आजार सांगावासा वाटतो त्यांनी जरूर सांगावा. शरद पवार आपल्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल आणि तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दल जाहीरपणे बोलत आले, त्याचा लोकांना उपयोगच झाला. पण ते त्यांनी आपल्या तोंडानं, आपल्या मर्जीनं सांगितलं.

६. आता खरं दुखणं. घराघरात आपण खोदून खोदून विचारतो आणि जिथं विचारायला हवं तिथं तोंड उघडत नाही. २०२० साली देशात नोंदलेल्या सुमारे ८१ लाख मृत्यूंपैकी अवघ्या साडेबावीस टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. त्यातही ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं लिहून मोकळं होणारे आहेत. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. ते कशामुळे, हे लिहायचं असतं. नोंदी अशा असल्या की अफवा माजतात. कोविडनंतर तरुणांच्या अचानक मृत्यूंचं खापर लसीवर फोडलं गेलं. लशीमुळे हा धोका वाढलेला नाही, हे सांगणारा आयसीएमआरचा अभ्यास यायला २०२३ उजाडलं.

त्याच वर्षी दुरुस्त झालेल्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे प्रत्येक रुग्णालयानं, सरकारी असो वा खासगी, मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवायचं आहे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ही प्रत मागून घ्या. आणि ग्रामसभेत, वॉर्ड ऑफिसात दरवर्षी एक तक्ता मागा : आपल्या भागात डेंग्यूनं किती गेले, क्षयानं किती, दुचाकीच्या अपघातात किती, बाळंतपणात किती. नावं वगळून.