दान कोणाचे आणि नाव कोणाचे?

तारीख २० जानेवारी २०२१ रोजी अंधेरीच्या पूर्वेस असलेल्या सहार विमानतळावरून पुण्यास तयार झालेल्या कोविशील्ड लशीच्या पेट्या परदेशी रवाना झाल्या. दीड लाख मात्रा भूतानास आणि एक लाख मात्रा मालदीवास, अशी ती पहिली भेट होती. पुढे पुरते शंभर दिवस लोटले, आणि ३० एप्रिलपासून २ मेपर्यंत लशीच्या तुटवड्यामुळे मुंबई महानगरपालिकेस शहर व उपनगरे मिळून सर्व लसीकरण बंद ठेवावे लागले. ज्या अंधेरीतून लस समुद्रापार गेली, त्याच अंधेरीतील वृद्धांस दुसऱ्या मात्रेसाठी हात हलवीत घरी परतावे लागले. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील लोकांची गत याहून निराळी नव्हती. या शंभर दिवसांत आपल्या लोकमताने जी कोलांटउडी घेतली, तिचा शांतपणे विचार करण्यास आता पुरेसा काळ लोटला आहे; आणि तो विचार पुढची साथ येण्यापूर्वीच झाला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

जानेवारीत आपल्या लोकांचा ऊर अभिमानाने भरून आला होता. त्या महिन्याच्या २२ तारखेस ब्राझीलला वीस लक्ष मात्रा गेल्या, तेव्हा त्या देशाचे अध्यक्ष बोल्सोनारो यांनी मारुतिराय हिंदुस्थानातून संजीवनी घेऊन उड्डाण करीत आहेत असे चित्र प्रसिद्ध करून आभार मानले. ते चित्र घरोघर फिरले. मार्चअखेर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपल्या प्रतिनिधीने असे सांगितले की, आम्ही स्वतःच्या लोकांस जितकी लस टोचली, त्याहून अधिक जगास पुरविली. हे वाक्य भूषण म्हणून उच्चारले गेले आणि भूषण म्हणूनच ऐकले गेले. पुढच्याच आठवड्यात, ४ एप्रिल रोजी, एकट्या मुंबईत ११,१६३ नवे रुग्ण नोंदले गेले. ७ एप्रिलला राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी महाराष्ट्रात तीन दिवस पुरेल इतकाच साठा असल्याचे सांगितले. केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी ते निराधार ठरवून राज्य सरकार आपले अपयश झाकीत असल्याचा उलट ठपका ठेवला. तेव्हा मार्चातील भूषणच एप्रिलात दूषण झाले. घरची म्हणते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा, असे लोक उघड बोलू लागले. मे महिन्यात दिल्लीत, आमच्या मुलांची लस परदेशी का पाठविली, असा पंतप्रधानांस प्रश्न करणारी पत्रके भिंतींवर लागली, आणि ती लावणाऱ्यांस पोलिसांनी अटक केली.

जानेवारीतील स्तुती आणि मे महिन्यातील संताप यांपैकी खरे लोकमत कोणते? आमचे उत्तर असे की दोन्हीही नव्हे. ज्या मताच्या बुडाशी हिशेब नाही ते मत नव्हे, तो केवळ भावनेचा लोंढा होय. आमचे पुष्कळ वाचक व्यापारी आहेत. वही पाहिल्याशिवाय ते कोणाच्या नफ्यातोट्यावर विश्वास ठेवणार नाहीत. मग या व्यवहाराचीही वही उघडून पाहू.

एप्रिलात निर्यात थांबेपर्यंत देशाबाहेर सुमारे ६ कोटी ६० लक्ष मात्रा गेल्या होत्या. यांपैकी निव्वळ भेट म्हणून दिलेल्या मात्रा १ कोटी ७ लक्ष, म्हणजे सहावा हिस्सा. सुमारे ३ कोटी ५८ लक्ष मात्रा रोकडीने विकलेल्या होत्या, आणि सुमारे १ कोटी ९८ लक्ष कोव्हॅक्स या आंतरराष्ट्रीय योजनेस, सीरम इन्स्टिट्यूटने आधी दिलेल्या वचनाप्रमाणे, गेल्या होत्या. ज्या ब्राझीलच्या खेपेवर संजीवनीचे चित्र काढले गेले, ती खेप तर ब्राझीलने पैसे मोजून विकत घेतलेली होती. विक्रीस दान म्हणण्याचा मोह जानेवारीत कोणास आवरला नाही. म्हणूनच एप्रिलात विक्रीसही उधळपट्टी म्हणून दूषणे खावी लागली.

आता तुटवड्याचे कारण पाहू. प्रौढ लोकसंख्येस दोन मात्रा द्यावयाच्या तर सुमारे १८८ कोटी मात्रा हव्यात, हे सरकारचेच गणित होते. असे असता जानेवारीत सरकारने सीरमकडे पहिली मागणी नोंदविली ती १ कोटी १० लक्ष मात्रांची! इंग्लंड-अमेरिकेने लस सिद्ध होण्यापूर्वीच कोट्यवधी मात्रांचे करार करून ठेवले होते. आणि जगातील सर्वांत मोठा लशीचा कारखाना ज्यांच्या अंगणात, त्यांनी मात्र किरकोळ गिऱ्हाइकासारखी खरेदी केली. एप्रिलात देशात रोज सरासरी तीस लक्षांच्या आसपास मात्रा टोचल्या जात होत्या. त्या मानाने भेटीदाखल गेलेली सर्व लस चार दिवसांची, आणि परदेशी गेलेली एकूण लस तीन आठवड्यांची होती. तीन आठवडे म्हणजे काही नव्हेत, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरातील कर्ता माणूस त्या तीन आठवड्यांत खाटेवाचून व प्राणवायूवाचून गेला, त्या घरास हे गणित सांगण्याचा धीर आम्हांस होणार नाही. परंतु दोष दानात नव्हता, तो दूरदृष्टीच्या अभावात होता, ही गोष्ट त्या घरासही कळली पाहिजे. कारण चुकीच्या चोरास पकडले म्हणजे खरा चोर मोकळा सुटतो.

तुटवड्याच्या पाठोपाठ खरोखरीचे चोरही आलेच. ३० मे २०२१ रोजी कांदिवलीतील एका गृहसंकुलात खाजगी शिबिर भरवून ३९० रहिवाशांस प्रत्येकी १,२६० रुपये घेऊन लस म्हणून भलतेच काही टोचण्यात आले. चौकशीअंती मुंबईत अशा बनावट शिबिरांतून २,०५३ लोक फसविले गेल्याचे उच्च न्यायालयास सांगण्यात आले. हे फसलेले लोक अडाणी नव्हते, सुशिक्षित व सधन होते. परंतु लस किती आहे, केव्हा येणार, कोणास आधी मिळणार, याचे सरळ उत्तर ज्या राज्यात मिळत नाही, तेथे सुशिक्षितांसही दारी आलेला पहिला भामटा धन्वंतरीसारखा दिसू लागतो.

निर्यात थांबविल्यावर आपण सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्याची किंमत कोणी दिली? बांगलादेशाने तीन कोटी मात्रांचा करार करून आगाऊ रक्कम भरली होती. निर्यात थांबली तेव्हा विकतच्या मालापैकी ७० लक्ष मात्रा त्याच्या हाती आल्या होत्या. पहिली मात्रा घेतलेले तेथील लाखो लोक दुसरीसाठी ताटकळत बसले, आणि ते राज्य चीनकडे वळले. आफ्रिकेतील अनेक गरीब देशांचीही कोव्हॅक्समार्फत हीच अवस्था झाली. दान थांबविणे निराळे, आणि पैसे घेऊन माल अडवून ठेवणे निराळे. मशीद बंदरातील व्यापाऱ्याने असे केले असते तर त्याची पत एका दिवसात बुडाली असती. प्राण वाचविण्याच्या प्रसंगी सरकारास असे करावे लागले, हे आम्ही समजू शकतो. परंतु आधी बेताने करार केले असते तर ही पाळी येती ना.

आता नावाचा प्रश्न. लशीच्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचे छायाचित्र छापले जात होते. ते काढावे म्हणून केलेली एक याचिका केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये फेटाळली, आणि कायद्याचा प्रश्न म्हणून तो तेथे मिटला. परंतु व्यवहाराचा प्रश्न मिटत नाही. ज्या कामात शास्त्रज्ञ, पुण्याचे कामगार, पालिकेच्या परिचारिका आणि करदाते या सर्वांचा हात होता, त्या कामाचे सर्व यश एकाच खात्यावर जमा केले, म्हणजे सर्व अपयशही त्याच खात्यावर खर्ची पडते. 'इंडिया टुडे' पत्राच्या पाहणीत ऑगस्ट २०२० मध्ये शंभरांतील ६६ लोकांस पुढचे पंतप्रधान म्हणून श्रीयुत मोदीच हवे होते. ऑगस्ट २०२१ मध्ये ही संख्या २४ वर आली. आणि शंभर कोटी मात्रांचा टप्पा ओलांडल्यावर, जानेवारी २०२२ मध्ये, ती पुन्हा निम्म्याच्या वर गेली. पुढाऱ्याच्या गुणदोषांत वर्षभरात इतका फरक पडत नसतो. फरक पडतो तो त्याच्याकडे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत. आपण पुढाऱ्यास आधी देव्हाऱ्यात बसवितो, नवस फळला नाही की पाण्यात बुडवून ठेवतो, आणि फळला की पुन्हा शेंदूर लावतो. देवाशी असा व्यवहार चालत असेल. आपण निवडून दिलेल्या कारभाऱ्याशी तो चालू नये. कारभाऱ्यास ना नवस, ना शिव्या. त्यास हिशेब विचारावयाचा असतो. हा दोष आमच्या विरुद्ध पक्षाच्या मित्रांतही तितकाच आहे. मात्रा का दिल्या असे मे महिन्यात ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी जानेवारीत मात्रा किती मागविल्या असे विचारले होते?

घेण्याच्या बाबतीतही आपली वृत्ती तपासण्यासारखी आहे. २००४ च्या त्सुनामीपासून आपत्तीत परकी सरकारांची मदत न घेण्याचे धोरण आपण पाळीत आलो. २०१८ च्या केरळच्या महापुरातही ती नाकारली. एप्रिल २०२१ मध्ये ते बाजूस ठेवून चाळीसांवर देशांकडून प्राणवायूची यंत्रे व औषधे आपण स्वीकारली. तेव्हा केनिया देशाने बारा टन चहा, कॉफी व शेंगदाणे पाठविले. ते महाराष्ट्रातील रेडक्रॉसमार्फत रुग्णसेवा करणाऱ्यांस वाटावयाचे होते. आपल्यातील काही शहाण्यांनी शेंगदाण्यांची थट्टा केली. त्याच केनियास आपण मार्चात एक लाख मात्रा भेट दिल्या होत्या, आणि त्या गरीब देशाने आपल्या शेतात जे पिकते ते परत धाडले होते. सुदाम्याचे पोहे आपल्या कथाकीर्तनांत गोड लागतात. ते खरोखर दारी आले तेव्हा आपण हसलो.

परदेशास मदत करणे आपल्या स्वभावातच नाही, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. १९३८ साली चीनवर जपानची स्वारी झाली असता काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले. ते काम साथीचे नव्हते, युद्धातील जखमींचे होते. पण दानाची रीत पाहण्यासारखी आहे. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू यांनी लोकांस उघड आवाहन केले, वर्गणी जमविली, आणि १ सप्टेंबर रोजी मुंबई बंदरातून ते पथक निघाले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस १९४२ साली तिकडेच वारले. त्या वेळी आपला देश स्वतः दरिद्री व परतंत्र होता. तरी घरात नाही आणि बाहेर का देता, असा कोलाहल झाला नाही. कारण देणाऱ्यास विचारून दिले होते. २०२१ मध्ये देणाऱ्यास कोणी विचारले नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवले गेले, आणि हलवायास ते पेटीवर छापलेल्या शब्दांवरून कळले.

यावर उपाय काय? न्यायालयाने तो दाखविला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांस पैसे देऊन लस घेण्यास लावणारे धोरण प्रथमदर्शनी मनमानी व तर्कविसंगत ठरविले. आणि प्रत्येक लशीची मागणी कोणत्या तारखेस, किती मात्रांची नोंदविली, अर्थसंकल्पातील ३५,००० कोटी रुपये कसे खर्च झाले, याचा तपशील मागितला. ७ जून रोजी पंतप्रधानांनी धोरण बदलल्याचे जाहीर केले. तात्पर्य, स्तुतीने किंवा पत्रके फाडल्याने जे झाले नाही, ते हिशेब मागताच आठवड्यात झाले. परंतु प्रत्येक वेळी न्यायासनाने विचारावे तेव्हा राज्यकर्त्यांनी सांगावे, ही काही स्वराज्याची रीत नव्हे. ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याने मुंबईच्या प्लेगात आणि १२३ वर्षांनी कोविडमध्येही राज्य चालविले गेले, त्यात अधिकाऱ्यांस अधिकार आहेत, संरक्षण आहे. लोकांस हिशेब देण्याचे एकही कलम नाही.

हे कलम घालण्याची वेळ आता आली आहे. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने साथींविषयीचा करार संमत केला. त्यातील योजनेप्रमाणे, सहभागी कारखानदारांनी साथीच्या वेळी उत्पादनाचा पाचवा हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेस उपलब्ध करावयाचा आहे, आणि त्यापैकी निदान निम्मा दान म्हणून द्यावयाचा आहे. लस करणारा सर्वांत मोठा देश म्हणून याचा भार आपल्यावरच अधिक पडेल, आणि तो आपण आनंदाने उचलावा असे आमचे मत आहे. परंतु किती द्यावयाचे, किती विकावयाचे, घरी किती राखावयाचे, हे साथ येण्यापूर्वी संसदेत ठरावे. आणि साथ चालू असता त्याची वही दर आठवड्यास लोकांपुढे उघडावी. असे झाले तर पुढच्या वेळी सहारहून पेट्या निघतील तेव्हा मुलुंडच्या रांगेतील माणूस त्यांच्याकडे संशयाने पाहणार नाही. त्या पेटीवर कोणाचे नाव आहे, याची त्यास पर्वा वाटणार नाही. आतले दान आपले आहे आणि ते आपल्यास विचारून दिले आहे, एवढे ठाऊक असणे त्यास पुरे होईल.