छिद्र बुजले, रक्त वाचले का?

जयपूरच्या रुग्णालयांतून ‘छाती न उघडता झडपेवर उपचार’ अशा बातम्या आल्या की अभिनंदनाचा वर्षाव होतो. तो अनाठायी नाही. कृत्रिम झडपेचे टाके कुठे सुटले की तिच्या कडेने रक्त उलटे वाहू लागते. दुसऱ्यांदा छाती उघडणे पहिल्यापेक्षा जोखमीचे असते. अशा वेळी मांडीतील रक्तवाहिनीतून कॅथेटर नेऊन, निटिनॉलच्या तारांनी विणलेले बूच गळतीच्या जागी बसवता येणे हा मोठाच दिलासा आहे. १९९२ साली या उपचाराचे पहिले अनुभव प्रसिद्ध झाले.

मात्र बातमी जिथे संपते, तिथेच खरा प्रश्न सुरू होतो. मिट्रल झडपेचे उदाहरण घ्यावे. हृदय आकुंचन पावताना डाव्या निलयातील दाब सुमारे १२० मिलिमीटर पारा असतो, तर डाव्या अलिंदातील जेमतेम १०. बर्नुलीच्या नियमानुसार एवढ्या फरकाने रक्ताची धार सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने उसळते. हा वेग मुख्यतः दाबातील फरकावर ठरतो, छिद्राच्या आकारावर नव्हे. गळती बहुधा चंद्रकोरीसारखी असते आणि वापरली जाणारी बुचे अनेकदा गोल, मुळात अन्य कामांसाठी घडवलेली. त्यामुळे बारीक फट उरू शकते. तीतून तशीच वेगवान धार जाते, तारांच्या जाळीवर आपटते आणि तांबड्या पेशी फुटतात. हृदयावरचा भार हलका होतो. रक्तक्षय मात्र राहतो, क्वचित वाढतोही.

म्हणून ‘यशस्वी’ हा शब्द त्याच संध्याकाळी वापरणे घाईचे आहे. पुढील काही महिन्यांतील हिमोग्लोबिन, एलडीएच आणि इकोकार्डिओग्राफी यांवरच यश ठरावे. जैसलमेरच्या रुग्णाला त्यासाठी दरवेळी साडेपाचशे किलोमीटर यायला लावण्याचे कारण नाही. रक्ताची तपासणी जिल्हा रुग्णालयातही होते. गरज आहे ती त्या नोंदी जयपूरला पोहोचण्याची आणि साऱ्या रुग्णालयांचे निष्कर्ष, अपयशांसह, एकत्र प्रसिद्ध होण्याची.

आरोग्याच्या अधिकाराचा कायदा २०२३ मध्ये देशात सर्वप्रथम राजस्थानने केला. त्या अधिकारात उपचारानंतरची विचारपूसही यायला हवी. छिद्र बुजवणे हे कौशल्य आहे. रक्त वाचले की नाही हे पाहणे ही जबाबदारी.