उंबऱ्याबाहेर कोण उभे आहे?

संपादक महोदय,


‘योजना दारात, पण आदिवासीच पुढे येईनात’ हे पत्र वाचले. लेखकाची कळकळ मान्य, पण खापर भलत्याच डोक्यावर फोडले आहे.

आपल्याकडे ज्यांना सर्रास ‘वानरमारे’ म्हणतात ते कातकरी. (हे नाव आपणच दिलेले, आणि ते गोड मानून घ्यावे अशी आपलीच अपेक्षा!) कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे राज्यातले तीन अतिअसुरक्षित आदिवासी गट. अशा गटांसाठी 15 नोव्हेंबर 2023 रोजी पीएम-जनमन योजना सुरू झाली. घर, पाणी, अंगणवाडी, फिरता दवाखाना, सगळे कागदावर आहे. अडते ते जातीच्या दाखल्यापाशी. तिथे 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजे-पणजे रानातून रानात झोपडी हलवत राहिले, त्यांनी सातबारा कुठून आणावा? आणि योजना राबवणारे आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय तर पेणला, मालवणापासून साडेतीनशे किलोमीटरच्याही पुढे.

गेल्या पावसाळ्यात एका कातकरी बाईचा दाखल्याचा अर्ज मी लिहून दिला. तीन खेपा झाल्या, म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडाली. चौथ्यांदा ती गेली नाही. याला ‘पुढे न येणे’ म्हणायचे?

पिंगुळीच्या ठाकरांचीही हीच कथा. 1976 पर्यंत क्षेत्रबंधनामुळे, म्हणजे जमातीला ठरावीक जिल्ह्यांपुरतीच मान्यता असल्यामुळे, ते अनुसूचित जमातींच्या यादीबाहेर होते. त्यांच्या कळसूत्री बाहुल्या मात्र आपण कौतुकाने दाखवतो.

तलाठ्याने आणि अंगणवाडी सेविकेने एकाच दिवशी वाडीवर जावे, जाणत्यांचे जबाब तिथेच नोंदवावेत. मग कोण पुढे येत नाही ते बघू.

– एक निवृत्त शिक्षक, मालवण