गड आपले, किल्ल्या कोणाच्या?

शिवछत्रपतींच्या गडकोटांची व्यवस्था सर्वपरिचित आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी असत. तिघांचा दर्जा सारखा, आणि कारभार एकमेकांच्या संमतीने. एखाद्याची नियत फिरली तरी त्याला एकट्याला गड शत्रूच्या स्वाधीन करता येऊ नये, हे त्यामागचे राजकारण होते. गड कितीही बुलंद असला, तरी दाराची किल्ली कोणाच्या हाती आहे यावर त्याचे भवितव्य ठरते, हे महाराजांनी ओळखले होते.

आज हे स्मरण्याचे कारण वेगळे आहे. पतसंस्था, सहकारी बँका, औषधांच्या दुकानांच्या साखळ्या, शिक्षणसंस्था यांच्या गावोगावच्या शाखा संगणकांच्या जाळ्याने एकमेकींना जोडलेल्या आहेत. पूर्वी रत्नागिरीच्या शाखेतील राउटर बिघडला की पुण्याहून तंत्रज्ञ एस.टी.ने निघे आणि दोन दिवस काम खोळंबे. आता यंत्र कुरिअरने येते, शाखेतला लिपिक त्याला वायर जोडतो आणि ते यंत्र इंटरनेटवरून आपल्या कंपनीच्या क्लाऊडशी संधान बांधून सर्व आज्ञा आपसूक उतरवून घेते. मुख्य कार्यालयातला एक माणूस एका पडद्यावर पन्नास शाखांची प्रकृती पाहतो आणि एका कळीसरशी पन्नासही ठिकाणचे नियम बदलतो.

ही सोय खरी आहे, आणि तिला नावे ठेवण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. सुरक्षेच्या त्रुटी त्वरेने बुजवल्या जातात आणि लहान संस्थेलाही मोठ्या संस्थेसारखी शिस्त लावता येते. प्रश्न सोयीचा नाहीच. तो पडदा ज्या संगणकावरून चालतो त्याचा धनी कोण, हा प्रश्न आहे. आणि बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर ‘परदेशी कंपनी’ असे आहे.

या क्षेत्रातील अग्रगण्य नाव म्हणजे मेराकी. अमेरिकेच्या सिस्कोने ही कंपनी २०१२ साली विकत घेतली. तिच्या मूळच्या परवाना पद्धतीचा नियम वाचकांनी नीट वाचावा. परवान्याची मुदत संपली की तीस दिवसांची सवलत मिळते. तोवर नूतनीकरण झाले नाही, तर यंत्रे संस्थेची वाहतूक पुढे नेणे थांबवतात. म्हणजे यंत्र तुम्ही रोख मोजून घेतलेले, भिंत तुमची, वीज तुमची. पण ते चालायचे की नाही, हे ठरवणार दूरचा परवानादार! याला खरेदी म्हणायचे की भाडेपट्टा?

आता भरवशाचे पाहू. ३ ऑगस्ट २०१७ रोजी याच मेराकीच्या अभियंत्यांनी उत्तर अमेरिकेतील साठवण यंत्रणेत एक चुकीचा नियम लागू केला आणि ग्राहकांनी ठेवलेले इमारतींचे नकाशे, बोधचिन्हे, ध्वनिफिती असे साहित्य पुसले गेले. जाळी चालू राहिली, एवढेच नशीब. डिसेंबर २०२३ मध्ये युबिक्विटी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या क्लाऊडमध्ये सुधारणा करताना १,२१६ खाती भलत्याच १,१७७ खात्यांशी जोडली गेली आणि काहींच्या मोबाइलवर परक्यांच्या कॅमेऱ्यांची चित्रे अवतरली. यांत कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पण किल्ल्यांचा सगळा जुडगा एकाच खुंटीला टांगला की एका हातून झालेली चूक हजारो घरांची दारे उघडते.

हेतुपुरस्सर दार बंद झाले तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने वाडिनार येथील तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध लादले. कारण, तिच्यातील रशियन रोसनेफ्टचा वाटा. त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या टपाल व संवादाच्या सेवा थांबवल्या. भारतात नोंदलेली, भारतात इंधन विकणारी कंपनी. तिने भारताचा कोणताही कायदा मोडलेला नव्हता आणि सेवेचे पैसेही चुकते केलेले होते. तरी ब्रुसेल्समधल्या निर्णयाने गुजरातेतल्या कर्मचाऱ्याचे टपाल बंद पडले! प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. तो प्रश्न टपालाचा होता, शाखांच्या जाळ्याचा नव्हता, हे मान्य. पण रचना तीच आहे. जे टपालाचे झाले, ते उद्या जाळ्याचे होणार नाही याची हमी कोणी द्यावी?

यावर एक ठरावीक उत्तर मिळते : “कंपन्यांची विदाकेंद्रे आता मुंबईतच आहेत.” ही शुद्ध दिशाभूल आहे. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये केलेल्या ‘क्लाऊड ॲक्ट’नुसार, अमेरिकन कायद्याच्या कक्षेतील कंपनीच्या ताब्यातील माहिती, ती जगात कुठेही साठवलेली असो, तिथल्या न्यायालयाच्या आदेशाने मागता येते. भूमी भारताची असली म्हणून हुकूमत भारताची होत नाही.

दुसरे उत्तर असे की, “आपल्याकडे तेवढी बुद्धी कुठे आहे?” हे ऐकून तर मस्तकात तिडीक जाते. क्लाऊडवरून वाय-फायची जाळी सांभाळणाऱ्या मोजो नेटवर्क्स या कंपनीची जडणघडण आपल्या पुण्यात झाली. डॉ. प्रवीण भागवत हे तिचे सहसंस्थापक. ती कंपनी २०१८ साली अमेरिकेच्या अरिस्टाने विकत घेतली. त्यात त्या अभियंत्यांचा काय दोष? दोष आहे तो आपल्या बाजारपेठेचा आणि खरेदी समित्यांचा. परदेशी शिक्का दिसल्याशिवाय यांची निविदा पुढे सरकत नाही. दुसरीकडे, २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे लोकार्पण झाले. सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांनी ते उभारले. मनावर घेतले तर काय होते, याचा हा पुरावा आहे.

मग काय, सारी यंत्रे उखडून फेकायची? मुळीच नाही. स्वदेशी म्हणजे आंधळा बहिष्कार नव्हे. आपल्या गरजेचा लगाम आपल्या हाती ठेवणे. संस्थाचालकांनी एवढे तरी करावे. परवाना संपला तरी चालू असलेली वाहतूक थांबणार नाही, हे कलम करारात घालून घ्यावे. विक्रेता नाही म्हणाला, तर दुसरा शोधावा. जाळ्याच्या सर्व नियमांची प्रत दर महिन्याला स्वतःच्या कपाटात उतरवून ठेवावी. नियंत्रणाचे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येईल अशी उत्पादने आणि मुक्त स्रोत पर्याय उपलब्ध आहेत. त्यांचा विचार आधी करावा. मोठा बदल दोघांच्या संमतीशिवाय होऊ देऊ नये. सबनिसाचे पद त्यासाठीच होते. आणि वर्षातून एका रविवारी क्लाऊडचा संबंध मुद्दाम तोडून शाखा चालते का, ते पाहावे. त्या दिवशी जे उघडकीस येईल, ते कोणत्याही विक्रेत्याच्या चकचकीत माहितीपत्रकात सापडणार नाही.

आपल्यापैकी अनेकजण पतसंस्थेचे संचालक आहेत, शाळेच्या कार्यकारिणीवर आहेत, निदान सभासद तरी आहेत. येत्या वार्षिक सभेत अहवाल मंजूर करण्यापूर्वी हात वर करून एकच प्रश्न विचारा : आपल्या शाखांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत? व्यासपीठावरचे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, तर समजा की गड केवळ नावापुरता आपला उरला आहे.