चाळणीतून गळतो तो कोण?

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील कोरेगाव भीमा हे नाव १ जानेवारी १८१८ च्या लढाईमुळे देशभर पोहोचले. गेल्या काही दशकांत या गावाला आणखी एक ओळख मिळाली आहे. सणसवाडी, शिक्रापूर आणि पुढे रांजणगाव अशी कारखान्यांची रांग उभी राहिली. शेतजमिनी विकल्या गेल्या, भाड्याच्या खोल्या उठल्या आणि गावोगावचा तरुण कंत्राटी कामगार म्हणून या पट्ट्यात दाखल झाला. जमिनीचे पैसे एकरकमी हाती आलेला शेतकरी आणि महिन्याची मजुरी महिन्याच्या आतच संपणारा कामगार, अशी ही वस्ती आहे. दोघांच्याही खिशातील मोबाइल आता शेअर बाजाराचे दार होऊ शकतो. देशातील डिमॅट खाती मार्च २०२० मध्ये सुमारे ४ कोटी होती. २०२५ मध्ये त्यांनी २० कोटींचा टप्पा ओलांडला. म्हणूनच या दाराआड काय चालते, याची चिकित्सा चळवळीने करावयास हवी.

या दाराशी येणाऱ्याला आज जी विद्या शिकवली जाते तिचे नाव ‘स्विंग ट्रेडिंग’. शेअर आज घ्यावयाचा आणि चार दिवसांनी किंवा तीन आठवड्यांनी भाव चढला की विकावयाचा. हजारो कंपन्यांतून नेमके शेअर वेचण्यासाठी ‘स्क्रीनर’ नावाची संगणकीय चाळणी असते. भाव ५० आणि २०० दिवसांच्या सरासरीच्या वर आहे काय, उलाढाल नेहमीपेक्षा वाढली आहे काय, निर्देशांकाच्या मानाने शेअरची चाल वेगवान आहे काय, असे प्रश्न तिला घातले की दहा-वीस नावे हाती येतात. ही चाळणी निरुपयोगी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या शेअरला गिऱ्हाईकच नाही तो ती बाजूला काढते, आणि अफवेवर विसंबण्यापेक्षा आकड्यांवर विसंबणे केव्हाही बरे.

परंतु चाळणी कोणता शेअर चढला आहे एवढेच सांगते. कोणता चढेल, हे सांगत नाही. शिवाय तीच चाळणी लाखो लोकांच्या हाती आहे. सर्वांना एकाच वेळी तीच नावे दिसतात, सर्व एकाच वेळी खरेदीला धावतात, आणि अखेरीस पोहोचणाऱ्याला चढ्या भावाने कोणी तरी आपला माल विकून मोकळा होतो. ‘स्टॉप लॉस’ लावला की नुकसान ठरल्या मर्यादेत राहते, हेही अर्धसत्यच होय. वाईट बातमी रात्रीतून आली तर सकाळी भाव त्या मर्यादेच्या कितीतरी खाली उघडतो. शेअर लोअर सर्किटला अडकला तर घेणाराच उरत नाही.

आता हिशेब पाहावा. एखाद्याने ५० हजार रुपयांचे भांडवल महिन्यातून दोनदा, म्हणजे वर्षातून २४ वेळा, पूर्ण फिरवले असे समजू. खरेदीवर ०.१ टक्का आणि विक्रीवर ०.१ टक्का व्यवहार कर, खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क. एवढ्यातच वर्षाकाठी सुमारे २,५८० रुपये जातात. म्हणजे भांडवलाचे पाच टक्क्यांहून अधिक नफ्याचा पहिला रुपया दिसण्यापूर्वीच संपतात. दलाली आणि डिमॅटचे शुल्क निराळे. अल्पमुदतीच्या लाभावरील कर २३ जुलै २०२४ पासून १५ टक्क्यांवरून २० टक्के झाला आहे. उलट भविष्यनिर्वाह निधीवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज ठरले, आणि त्यासाठी कोणत्याही शेअरच्या भावाकडे डोळे लावून बसावे लागले नाही.

सेबीच्या पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये रोख बाजारात त्याच दिवशी खरेदी-विक्री करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सातजण तोट्यात गेले. वर्षात ५०० हून अधिक व्यवहार करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होते. या व्यवहारांतील तिशीच्या आतील तरुणांचा वाटा चार वर्षांत १८ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला. स्विंग ट्रेडिंग म्हणजे नेमका हा व्यवहार नव्हे, हे खरे. पण अमेरिकेत बार्बर आणि ओडियन या अभ्यासकांनी १९९१ ते १९९६ या काळातील ६६ हजारांहून अधिक कुटुंबांची खाती तपासली, तेव्हा बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले असता सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांच्या पदरी ११.४ टक्केच पडल्याचे दिसले. जो अधिक फिरवतो तो अधिक गमावतो, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

मग निश्चित कमाई कोणाची? दलालाची, बाजाराची, सरकारी तिजोरीची आणि विद्या विकणाऱ्याची. कर्जत येथे प्रशिक्षण केंद्र असलेल्या अवधूत साठे यांच्या अकादमीविरुद्ध डिसेंबर २०२५ मध्ये सेबीने अंतरिम आदेश काढला. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणीविना सल्ला दिल्याचा ठपका ठेवून सुमारे ५४६ कोटी रुपये गोठवण्यास सांगितले. अंतरिम आदेश हा अंतिम निर्णय नव्हे. परंतु झटपट कमाईच्या आशेची बाजारपेठ केवढी मोठी आहे, हे त्या आकड्यावरून कळते.

तरुणांना लोभी म्हणून हिणवणे सोपे आहे. ते चळवळीला शोभणारे नाही. ज्याची नोकरी कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे, त्याने कमाईची दुसरी वाट शोधली तर त्यात नवल नाही. मात्र जोखीम पेलण्याची ताकद ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याच्याच खांद्यावर ती टाकणारी ही व्यवस्था आहे, हे त्याला समजावून दिले पाहिजे. कर्जाचा, भाड्याचा किंवा मुलांच्या शिक्षणाचा पैसा या खेळात घालू नये. जो घालील त्याने एका व्यवहारात भांडवलाच्या एका टक्क्याहून अधिक गमावण्याची पाळी येऊ देऊ नये. सल्लागाराची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासावी आणि वर्षअखेर सर्व खर्च वजा करून हिशेब मांडावा. एवढे शिकवण्यास एक संध्याकाळ पुरेशी आहे.

त्याच बैठकीत प्रत्येकाचे भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक उघडून कंत्राटदाराने पैसे भरले आहेत की नाहीत, हेही पाहावे. बुडालेला हप्ता वसूल करणे आणि कायम कामाला कायम कामगार मिळवून देणे, ही लढाई आठ-पंधरा दिवसांत संपणारी नाही. परंतु तीत एकाच्या लाभासाठी दुसऱ्या श्रमिकाला तोटा सोसावा लागत नाही.