पहिल्या पगाराचे जेवण



आमच्या पुतणीला पिरंगुटच्या एका कंपनीत नोकरी लागली. पहिला पगार हाती आला तेव्हा पोरीने विहाराच्या पेटीत शंभर रुपये टाकले, आईला साडी घेतली आणि संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "काका, आईला एकदा चांगल्या हॉटेलात जेवायला न्यायचंय. तुम्ही सगळं पुणं पायाखाली घातलंय. कुठं नेऊ सांगा."

पायाखाली घातले हे खरे. कोथरूडच्या एका कारखान्यात नोकरी, पौड ते कोथरूड रोजचा प्रवास आणि सुट्टीच्या दिवशी शहरभर हिंडण्याची खोड. पण चांगले हॉटेल कोणते, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. पोरीच्या मनात एक जागा आधीच होती. धरणाच्या बाजूला एक मोठे रिसॉर्ट आहे. तिथल्या स्वयंपाकघरात आमच्या वहिनी, म्हणजे तिची आई, आठ वर्षे भांडी घासतात. पोरीला वाटे, त्याच जागी आईला पाहुणी म्हणून खुर्चीवर बसवावे. वहिनींनी साफ नकार दिला. "तिथली समदी ताटं मला वळखत्यात. त्यात कशी जेवू?"

पोरगी हिरमुसली. मला मात्र वहिनींचे म्हणणे पटले. तेव्हा पोरीला जे सांगितले तेच थोडे विस्ताराने तुम्हालाही सांगतो. दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत आपणा सर्वांनाच हा प्रश्न पडतो.

प्रथम आमच्या मुळशीचेच बोलू. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या पौडवरून ताम्हिणीकडे एकीला एक लागून जातात. पावसाळ्यात घाट बघावा तो आमचाच, त्यात दुमत नाही. पण धरणाच्या काठाने बरीचशी जागा आता फाटकांच्या आत गेली आहे. ज्या पाण्यासाठी 1921 साली सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला, गावेच्या गावे ज्यात बुडाली, त्या पाण्याकडे बघत दोन घास खायचे तर आत किती रुपये पडतात ते आधी फाटकावर विचारावे लागते. एकदा मी नातवाला घेऊन अशा एका फाटकापाशी थांबलो होतो. पहारेकऱ्याने आमच्या पायातल्या चपला पाहिल्या आणि "आज फुल आहे" म्हणाला. आमच्यामागून आलेली मोटार मात्र आत गेली. पहारेकरी आमच्याच पट्ट्यातला पोरगा होता. त्याला काय बोलणार?

घाटात जायचे तर स्वस्त आणि उत्तम उपाय म्हणजे एस.टी. आणि घरची भाकरी. महिलांना मार्च 2023 पासून एस.टी.त अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही. फक्त धबधब्याखाली उतरायचे धाडस करू नका. दरवर्षी तिथे कोणाची ना कोणाची तरणीताठी मुले जातात.

याच घाटाने आपली माणसे 20 मार्चला माणगाववरून महाडला चवदार तळ्याकडे जातात. त्या वाटेवर चहापाण्याला थांबलात तर हॉटेले पारखून घ्या. एके ठिकाणी आमची बस दिसताच मालकाने पाण्याचे पिंप आत घेतले होते. त्याच्याच पुढे थोड्या अंतरावर एका म्हाताऱ्या बाईची टपरी होती. तिने पन्नास माणसांना तांब्या भरभरून पाणी दिले आणि चहाचे पैसे कोणी दिले, कोणी नाही, याचा हिशेबही ठेवला नाही. आता दरवर्षी आमची बस तिच्याकडेच थांबते.

आमच्या वडिलांच्या वेळी तालुक्याच्या बाजाराजवळ एक हॉटेल होते. आपल्या माणसांसाठी कपबश्या वेगळ्या, बाहेरच्या कोनाड्यात. चहा वरून ओतायचा. पिऊन झाला की कपबशी आपणच विसळून पालथी घालायची. वडील हे सांगताना हसत असत, आम्हाला मात्र हसू येत नसे. बाबासाहेबांच्या राज्यघटनेत कलम 15 चे दुसरे पोटकलम आहे, ते एकदा मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे, सगळी नावे घेऊन त्यात लिहिली आहेत. घटनेसारख्या ग्रंथात हॉटेल हा शब्द का यावा, हे कोनाड्यातली कपबशी आठवली की कळते. पुढे 1955 च्या कायद्याने तर हॉटेलातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. आज त्याला आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो.

म्हणून माझी हॉटेलाची परीक्षा चवीच्याही आधी सुरू होते. बसल्याबरोबर पाणी येते का? वाढपी "बिसलेरी की साधे?" असे विचारतो तेव्हा "साधे" म्हणायला आपली जीभ अडखळते. अडखळू देऊ नका. हॉटेलात बसून बाटली घेतली तर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली हॉटेलवाल्यांना दिली आहे, तेव्हा साधे पाणी मागण्यातच शहाणपण आहे. बिलात सेवा आकार लावला असेल तर तो काढायला सांगा. सक्तीने घेता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली सांगितले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. आणि दरपत्रक आधी मागा. जिथे दर विचारल्यावर कपाळाला आठी पडते तिथून उठावे, लाज बाळगू नये.

आता शहराकडे. पूर्वी चांदणी चौकात अर्धा तास जायचा. तिथला जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला, पुढच्या वर्षी नवे रस्ते झाले. पौडहून बसने वनाजला उतरावे आणि मेट्रो धरावी. डेक्कन तर सरळच, आणि सप्टेंबर 2024 पासून सिव्हिल कोर्टाला गाडी बदलून थेट मंडईच्या पोटात उतरता येते.

खाण्याचे म्हणाल तर मिसळीवरून पुण्यात भांडणे होतात. मला कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतली काटाकिर्र जास्त आवडते, आमच्या मंडळींना नारायण पेठेतले बेडेकर. दोन्हीकडे रांग लावावी लागते. रांगेत सगळे सारखे, हे मला त्यातले सर्वात चविष्ट वाटते. बाकरवडीसाठी चितळ्यांकडे जाण्याला आता भीती नाही. पूर्वी दुपारी एक ते चार दुकान बंद असे आणि आम्ही मुळशीकर नेमके दीडला पोहोचत असू. 2017 पासून दुपारीही उघडे असते. इराण्यांच्या हॉटेलांत जात विचारीत नसत, असे जुनी माणसे सांगत. डेक्कनचे गुडलक 1935 सालचे आहे. अशा जागांचे आपल्या वडीलधाऱ्यांना अप्रूप का होते, ते बनमस्क्यावरून कळायचे नाही.

खरेदीला मोठ्या मॉलात जायची पोरांना हौस. जावे, थंड हवा खावी, सरकत्या जिन्यावर फिरावे. खरेदी मात्र तुळशीबागेत आणि रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके मिळतात. तिथे पोरांना मोकळे सोडा आणि घाई करू नका. मंडईत भाजी स्वस्त असतेच असे नाही, पण इमारत बघण्यासारखी आहे. 1886 साली रे मार्केट म्हणून ती उघडली. नगरपालिकेत सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला लावा म्हणून. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव लागले! पुण्याची गंमत अशी आहे.

फिरण्याच्या जागांत माझी पहिली पसंती फुले वाड्याला. मंडईपासून पायी जाता येते. वेफरची पाकिटे, पाळणे असे तिथे काही नाही, म्हणून पोरे आधी कुरकुरतात. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो दाखवा आणि मग बघा, प्रश्न थांबत नाहीत. सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय आहे, 1996 साली उघडलेले. माईसाहेबांनी दिलेल्या, बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथे आहेत. मुळशीच्या सेनापतींचा रस्ता आणि त्यावर बाबासाहेबांची स्मृती, आम्हा मुळशीकरांना यापेक्षा आणखी काय हवे!

पर्वतीवर लोक आता व्यायामाला चढतात. चढा, वारा छान असतो. वर पोहोचून दम घेताना पोरांना सांगा की 13 ऑक्टोबर 1929 रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे साथी या टेकडीवर प्रवेश मागायला आले तेव्हा त्यांच्यावर दगड आले. लहान मुले असतील तर कात्रजचे प्राणिसंग्रहालय बरे. बुधवारी बंद असते, हे मी एका बुधवारी तिथे पोहोचून शिकलो.

तर एवढे सगळे पोरीला सांगितले. तिने वहीत लिहून घेतले आणि रविवारी आईला घेऊन निघाली. मलाही बरोबर ओढले.

वनाजला सरकत्या जिन्यापाशी वहिनी थबकल्या. "भावजी, तुम्ही व्हा म्होरं, मी ह्या दगडी जिन्यानं येते," म्हणाल्या आणि आमच्या आधी वर पोहोचल्या. फुले वाड्यात हौदापाशी खूप वेळ उभ्या राहिल्या. आत वाकून बघितले. "पाणी भराया बायाच येत असतील न्हवं?" एवढेच विचारले. तुळशीबागेत पोरीने नवी पर्स घे म्हणून आग्रह केला, वहिनींनी पोळपाट घेतला. पोळपाट बगलेत धरूनच पुढचा सगळा दिवस.

जेवायला डेक्कनला गेलो. पोरीने वहीतली नावे वाचून दाखवली. वहिनींना त्यांतले एकही नको होते. चालता चालता एका साध्या उडुपी हॉटेलाच्या दारात त्या थांबल्या. दरफलक भिंतीवर मोठ्या अक्षरांत होता, आतली फरशी ओली होती. "हितं पुसतात बघ नीट," म्हणाल्या. हे आमच्या कोणाच्या परीक्षेत नव्हते. बसलो तोच पाण्याचे पेले आले.

पोरीने तिघांना थाळी सांगितली. वहिनी सावकाश जेवल्या. कोशिंबिरीला कूट कमी आहे म्हणाल्या, सोलकढीला चांगले म्हणाल्या. पोरगी आईच्या तोंडाकडे बघत होती, तिचे स्वतःचे अर्धे ताट तसेच. जेवण झाले आणि वहिनी सवयीने उठल्या, आपले ताट, माझे ताट, पेले एकावर एक रचून उचलले आणि मोरी कुठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहू लागल्या.

वाढपी धावत आला. विशीतला पोरगा असेल. "मावशी, राहू द्या, ते आमचं काम."

वहिनींनी ताटे त्याच्या हातात दिली. "खरकटं आधी येका बाजूला काढ म्हंजी मोरी तुंबत न्हाय," त्याला सांगितले. मग परत येऊन खुर्चीवर बसल्या आणि पोरीला म्हणाल्या, "आता ते थंड काय असतं, ते सांग येक."