वीस रुपयांचे अपील आणि आपली लाज

सरकारी दवाखान्यात माणूस दगावला की आपल्या समाजाला दोनच गोष्टी सुचतात. ‘नशिबात होते’ म्हणून प्रेत उचलायचे, नाहीतर काचा फोडून रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरच्या थोबाडीत मारायची. तिसरा रस्ता माहिती अधिकार कायद्याने २००५ सालीच मोकळा केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून कागद मागा, कागद नाकारला तर अपील करा. पण या रस्त्याने जाणारा माणूस आपल्या गल्लीत रिकामटेकडा ठरतो, नात्यात वेडा ठरतो आणि दवाखान्याच्या आवारात ब्लॅकमेलर ठरतो. माझा आरोप कारकुनावर नंतर आहे. पहिला आरोप त्या माणसाला असे ठरवणाऱ्या आपल्यावर आहे.

अपील करावे लागते म्हणजे काय सोसावे लागते, ते आधी पाहा. नवजात कक्षात मूल गेलेल्या बापाने अर्ज केला असे धरू. त्याने विचारले, त्या रात्री कक्षात किती परिचारिका हजेरीपटावर होत्या, किती वॉर्मर चालू होते, कोणते औषध साठा नोंदवहीत शून्य होते. कायद्याने तीस दिवसांत उत्तर यायला हवे. प्रश्न जिवाचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. येते ते ठरीव वाक्य. ‘माहिती वैयक्तिक स्वरूपाची आहे.’ ‘माहिती व्यापक स्वरूपाची आहे.’ ‘अभिलेखावर उपलब्ध नाही.’ हजेरीपट वैयक्तिक कसा, हे लिहिण्याची तसदी कुणी घेत नाही. नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण, हे तिन्ही कळवणे कलम ७(८) ने बंधनकारक असूनही कळवले जात नाही. पुष्कळदा तर उत्तरच येत नाही. कायदा त्या मौनालाही नकारच मानतो.

मग जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचा स्टॅम्प आणि तीस दिवसांची मुदत. हे अपील ऐकतो त्याच इमारतीतला वरिष्ठ. ज्याच्या सहीने औषधांची मागणी गेली किंवा गेलीच नाही, त्याच्याच दालनात त्या मागणीचा हिशेब मागायचा. कायद्याची रचनाच अशी आहे, आणि मला ती मुळातच चुकीची वाटते. तरीही या सुनावणीला मोल आहे. माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्यावर असतो, अर्जदारावर नव्हे. माहिती कशाला हवी, हे विचारण्याचा अधिकारच कुणाला नाही. तरी सुनावणीत पहिला प्रश्न तोच येतो आणि आपला माणूस आरोपीसारखा हात जोडून त्याचे उत्तर देऊ लागतो. ते जोडलेले हात मला नकाराच्या पत्रापेक्षा जास्त बोचतात. सरकारी उपचार म्हणजे दानधर्म, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या अंगात भिनवणारे आपणच आहोत.

एकदा या रस्त्याने जाऊन बघितले गेले आहे. वनमंत्री असताना न्यायालयाचे आदेश डावलून आरागिरण्यांना परवानगी दिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६च्या मे महिन्यात सुरूपसिंह नाईक यांना अवमानासाठी एक महिन्याची कैद दिली. त्यातले बरेचसे दिवस त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काढले. एका नागरिकाने त्यांच्या आजाराची कागदपत्रे मागितली. नकार मिळाला, प्रथम अपीलही फेटाळले गेले. राज्य माहिती आयोगाने मात्र अर्जदाराच्या बाजूने आदेश दिला आणि नाईक उच्च न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली जे तत्त्व घालून दिले ते असे: रुग्णाची गोपनीयता खरी, पण वैद्यक परिषदेचे नियम माहितीच्या कायद्याच्या वर नाहीत, आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती साध्या माणसालाही नाकारता येणार नाही. एका माणसाने दुसऱ्यांदा अपील केले म्हणून हे वाक्य राज्याला मिळाले. पहिल्या नकारावर तो घरी बसला असता, तर कैद्याच्या खाटेचा हिशेब आजही कुणी मागू धजला नसता.

त्या तत्त्वाचा आधार असलेली ओळ कलम ८(१)(ञ) मध्ये होती. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती काढून टाकण्याची तरतूद केली. गावोगावच्या चौकात किती लोक त्यासाठी उभे राहिले? अण्णा हजारे २००३ साली आझाद मैदानावर याच हक्कासाठी उपोषणाला बसले तेव्हा टाळ्या वाजवणारे हात कुठे गेले? कलम ८(२) अजून शाबूत आहे. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, एवढे दार उघडे आहे. तेही बंद होईल आणि आपल्याला ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कळेल.

आता नांदेडकडे या. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण मेले, त्यांत १२ नवजात होते. त्याआधी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये दहा बाळे आगीत गेली होती. नांदेडनंतर महाराष्ट्राने काय पाहिले? एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावले, ते चित्र घरोघर मोबाईलवर फिरले, आणि लोकांनी ‘बरी खोड मोडली’ म्हणून समाधान मानले. औषध कधी मागवले, कधी आले, रिक्त पदे किती, यांतले एकही उत्तर त्या झाडूने मिळाले नाही. आपल्याला जबाबदारी नको असते, कुणाचा तरी पाणउतारा हवा असतो. जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे लेखी निवेदन ठेवून सरकारला शिक्षणाचा जाब विचारला. त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांना आज जिल्हा शल्यचिकित्सकाकडे एक अर्ज लिहिण्याची लाज वाटते.

सुशिक्षितांचे पाप यात सर्वांत जड आहे. त्यांच्या खिशात मेडिक्लेमचे कार्ड आहे. सिव्हिल हॉस्पिटलची पायरी ते चढतात ती फिटनेस सर्टिफिकेटसाठी. ज्यांना अर्ज लिहिता येतो त्यांना तिथे झोपायचे नाही, आणि जे तिथे झोपतात त्यांना अर्ज लिहिता येत नाही. तिथे झोपणारे कोण, हे सांगायला हवे का? ऊसतोड करणारी बाई, पाड्यावरचा आदिवासी, झोपडपट्टीतला सफाई कामगार. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, तरी ‘हे बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी हातात पडली की तिथला रुग्ण निमूटपणे मेडिकलकडे वळतो. ती चिठ्ठी जपून ठेव, तो पुरावा आहे, एवढे सांगायलाही शेजारचा पदवीधर जात नाही.

माहिती अधिकाराच्या नावावर खंडणी उकळणारे आहेत, हे मीही मान्य करतो. त्यांना पोलिसांत द्या. पण भामटे कोर्टातही जातात, म्हणून कोर्टाला कुलूप घालत नाहीत. आणि तळेगाव दाभाड्यात जमिनींचे व्यवहार उघड करणारा कार्यकर्ता १३ जानेवारी २०१० रोजी भल्या सकाळी रस्त्यावर मारला गेला, तो खंडणीसाठी नव्हे.

रुग्णालयातल्या प्रामाणिक डॉक्टरांनाही मी मोकळे सोडणार नाही. चाळीस खाटांच्या वॉर्डात एक परिचारिका आहे हे त्यांना रोज दिसते. ती टंचाई कागदावर यावी यात त्यांचाच बचाव आहे, कारण मार त्यांनाच पडतो. तरीही अर्ज आला की तेही ‘आरटीआयवाला आला’ म्हणून तोंड फिरवतात. नातेवाइकाने केस पेपरची प्रत मागितली तर ७२ तासांत द्यावी, हे त्यांच्याच परिषदेच्या २००२च्या नियमांत आहे.

पहिले अपील फेटाळले गेले, तर दुसरे अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे करायचे. तिथे २०२३ आणि २०२४ मध्ये एक लाखाहून अधिक अपिले व तक्रारी पडून होत्या. आयुक्तांची पदे वेळेवर भरली जात नाहीत, आणि त्यावरून एखाद्या आमदाराची निवडणूक कधी धोक्यात आल्याचे मला आठवत नाही. माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड आहे. कलम १९(८) खाली अर्जदाराला नुकसानभरपाईही मागता येते. अपिलात ती मागणी लिहिणारे फार थोडे. लिहून देणारा कुणी भेटलेलाच नसतो.

तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती आहे. तिच्यावर गावचे प्रतिष्ठित बसतात. तुमच्या ओळखीचा एखादा असेल, कदाचित तुम्ही स्वतः असाल. तिच्या बैठका होतात की नुसत्या सह्या, निधी कशावर खर्च होतो, हे सगळे इतिवृत्तात असते. कलम ४ प्रमाणे अशा बैठकांची इतिवृत्ते लोकांना बघायला मिळतात की नाही, हे न मागताच जाहीर व्हायला हवे. ते जाहीर झालेले नसेल, तर जन माहिती अधिकाऱ्याचे नाव दवाखान्याच्या दारावरच्या फलकावर असते, आणि फलकच नसेल तर पहिला अर्ज त्याबद्दलच करा.